चौघींची हजेरी

पनवेल,
६ फेब्रुवारी २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायचा, पण माझे गुडघे हल्ली साधं वाकूही देत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज.

तुला किती फोन केले! तू उचलत नाहीस. रेवाला केला तर ती म्हणते, "आत्या, बाबा म्हणतात पत्र लिहा." अरे, राज्यभरच्या मुलांना घरबसल्या फोनवर शिका म्हणून सांगणाऱ्या समितीत तू बसतोस आणि स्वतः सख्ख्या आतेबहिणीचा फोन घेत नाहीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! असो. अडला हरी म्हणून लिहायला बसले आहे.

काम असं आहे. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या वर्गात किशोरी नाखवा नावाची मुलगी आहे. उरणकडच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातली. वडील दिनानाथ मासेमारी करतात. काल आमच्या कॉलेजच्या फलकावर अपुऱ्या हजेरीची यादी लागली, त्यात तिचं नाव आहे. तिच्याच गावच्या आणखी तिघींचंही आहे. कॉलेजात होणाऱ्या तासांना चौघी न चुकता असतात. पण तुमच्या नव्या धोरणाने जे तास ऑनलाइन झाले, त्यांना त्या बहुतेक वेळा नव्हत्याच, असं हजेरीचं पोर्टल म्हणतं. एप्रिलच्या परीक्षेला त्यांना बसता येणार नाही.

मला हे पटत नाही. ऑनलाइन तासाला मी जे बोलते ते या मुलीच्या उत्तरपत्रिकेत जसंच्या तसं उतरतं. मी मध्येच सांगितलेला एखादा विनोदसुद्धा तिला ठाऊक असतो. न ऐकता कसं येईल रे?

आणि तिच्यासाठी हे वर्ष वाया जाणं साधं नाही. बंदरातल्या एका कंपनीच्या कचेरीत जागा निघाल्या आहेत, आसपासच्या गावच्या मुलांना आधी. अट एकच, जूनअखेर पदवी हातात हवी. पुन्हा अशी भरती कधी निघेल, देव जाणे. जिथे बापाचं जाळं लागायचं ती खाडी भरावाखाली गेली. निदान त्या भरावावरच्या कचेरीत मुलगी खुर्चीवर बसावी, एवढंच दिनानाथांना हवं आहे.

तुझ्या समितीने केलेला नियम आहे, तर तुझ्या समितीला तो थोडा वाकवता येईल का? स्पष्ट हो किंवा नाही कळव. मला गोड बोलून ताटकळत ठेवू नकोस.

तुझी,
आशालता

पुणे,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. आशा,

तुझ्या गुडघ्यांना आशीर्वाद. तुझ्या जिभेला त्यांची गरज नाही, ती लहानपणी आमच्या आपट्याच्या घरी होती तशीच आहे.

फोनचं म्हणशील तर मला तो आवडत नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. यात ब्रह्मज्ञानही नाही नि पाषाणही नाही.

आता कामाचं. आम्ही धोरण आखलं ते काही मुलांना छळायला नाही. उरणहून पनवेलला रोज एसटीने हेलपाटे घालण्यात मुलींचे दिवस जातात, हे मी नोकरीत असताना पाहिलं आहे. काही तास घरी बसून झाले तर घरच्यांचा विरोधही कमी होईल, मुली पदवीपर्यंत पोचतील, हा विचार होता. हजेरीची अट मात्र कडक ठेवावी लागली. एक विद्यार्थी, एक लॉगिन. नाहीतर काय होतं, तुला ठाऊक आहे. एकजण दहाजणांच्या नावाने आत शिरतो आणि दहाहीजण बाहेर क्रिकेट खेळतात. मी सहसंचालक असताना अशी प्रकरणं निस्तरली आहेत.

तुझी किशोरी हुशार असेल. पण हुशार म्हणून हजर, असं मी समितीत कसं सांगू? त्या मुली तासाच्या वेळी कुठे होत्या, काय करत होत्या, ते नीट विचार आणि मला लिही. या महिन्याअखेर आमची बैठक आहे. विषय मांडतो, हा शब्द.

रेवा तुला नमस्कार सांगते. ती हल्ली माझ्यावर फार चिडते. कारण विचारलं की आणखी चिडते.

कमलाकर

पनवेल,
२० फेब्रुवारी २०२५

दादा,

जाऊन आले. गुडघ्यांसकट.

त्यांच्या कोळीवाड्यात घरांमध्ये रेंज येत नाही. येते ती बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या जिन्यावर. तिथे वरच्या पायरीवर बर्फाचं एक रिकामं खोकं, त्याला टेकवलेला एकच फोन आणि त्याच्याभोवती चौघीजणी. घरात फोन नाहीत असं नाही, पण चांगले फोन वडील-भाऊ बोटीवर नेतात. हवामान कळायला हवं, धक्क्यावर भाव विचारायला हवा. एक फोन मागे राहतो, तो प्रांजलचा. ही त्या चौघींतली सगळ्यात धाकटी दिसणारी. कॅमेरा लावला की आवाज तुटतो, म्हणून कॅमेरा बंद. मी आपली इथे कॉलेजात काळ्या चौकोनांपुढे शिकवते आणि मुलं झोपली असतील म्हणून चरफडते!

मी विचारलं, "अगं, मग नाव कुणाचं लावता?"

किशोरी म्हणाली, "पाळी लावलीय ना म्याडम. आज माजा, उद्या प्रांजलचा. मंग सगल्यांना सारका."

दादा, त्यांना खरंच वाटत होतं की वर्षअखेर हजेरी मोजताना कॉलेज ती चौघींत धरेल. का वाटलं, ते किशोरीच्या आजीने, गंगाबाईने मला समजावलं. त्यांच्याकडे मासळी आली की वाटे पडतात. बोटीचा, जाळ्याचा, प्रत्येक खलाशाचा. कुणी तापाने घरी पडला असेल तर त्याचाही वाटा घरी जातो, कारण तो त्या बोटीचा आहे. आजी म्हणाली, "येक गेली म्हंजे सगल्या गेल्या. आनि ह्या तर सगल्या जातात." या मुलींनी तोच हिशोब पोर्टलला लावला. पोर्टलने मात्र ज्या दिवशी जिचं नाव, तिलाच हजर धरलं आणि बाकीच्या तिघींना गैरहजर.

मला तिथे बसल्या बसल्या आपटा आठवलं. मामाकडे भूगोलाचं एकच पुस्तक होतं. तू मोठा, म्हणून पुस्तक तुझ्याकडे सरळ. मी समोर बसायची, मला सगळे नकाशे उलटे. पाताळगंगा वरून खाली वाहते की खालून वर, हेच मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. पण त्या पायी मला उलटं वाचता येऊ लागलं. अजून येतं, पर्यवेक्षणाला फार उपयोगी पडतं. पुस्तकावर नाव तुझंच होतं रे. भूगोल मलाही आला.

आता एक तातडीचं. आमच्या प्राचार्यांनी एक वाट ठेवली आहे. ज्यांची हजेरी कमी पडली त्यांनी मार्चभर रोज कॉलेजात येऊन जादा तास भरले तर ते धरणार आहेत. पण मार्चमध्ये या मुलींच्या घरी सुकवणीचं काम असतं, मासळी वाळत घालायला हात लागतात. तरी येतो म्हणतात. तुझ्या समितीकडून काही होणार असेल तर त्यांची ही ओढाताण वाचेल. होणार नसेल तर तसं सांग, मी त्यांना उद्यापासून बसवते. चूकभूल चालणार नाही, दादा.

आशालता

पुणे,
३ मार्च २०२५

चि. आशा,

तुझं पत्र मी आमच्या ऑनलाइन बैठकीत वाचून दाखवलं. पुस्तकाचा भाग गाळला नाही.

वाचून झाल्यावर अध्यक्ष बराच वेळ बोलले. चेहऱ्यावर सहानुभूती स्पष्ट होती. दोघे-तिघे हसले, चांगल्या अर्थाने. एका बाईंनी तर पडद्यावर अंगठा दाखवला. विरोध कुणाचाच दिसला नाही. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं आणि मीही होकार दिला. तेव्हा काम झालं असं समज.

मुलींना जादा तासांसाठी पळवू नकोस. घरचं काम करू दे, अभ्यास करू दे. लेखी आदेश यायला वेळ लागतो, सरकारी कागद बैलगाडीने येतात. पण येतील.

फार दिवसांनी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. निवृत्तीनंतर माणूस भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा होतो, कुणी काढतही नाही नि पाहतही नाही. तू मला काम दिलंस, बरं केलंस.

किशोरीला माझे आशीर्वाद सांग.

कमलाकर

पनवेल,
१२ एप्रिल २०२५

कमलाकर,

दादा लिहायला हात धजत नाही.

हॉल तिकिटं आली. चौघींची नाहीत. मी आधी म्हटलं, पोर्टलचा घोळ असेल. प्राचार्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या बैठकीला प्राचार्यांनाही बोलावलं होतं, मीही होते. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न खरा आहे, पण चालू वर्षी नियम बदलता येणार नाही, पुढच्या वर्षी विचार करू. मग त्यांनी तुमच्या दादांना विचारलं, कमलाकरराव, तुम्हाला हे मान्य आहे ना? त्यांनी हसून मान हलवली. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

हसून! तू हसून हो म्हणालास आणि मला लिहिलंस की काम झालं. का? त्या लोकांसमोर वाईटपणा नको होता? की माझ्यासमोर मोठेपणा हवा होता? कोणत्याही शत्रूने केलं नसतं ते तू केलंस.

जादा तास संपले. मी स्वतः त्या जिन्यावर जाऊन सांगितलं होतं, बसू नका, गरज नाही. किशोरीने विचारलं होतं, "म्याडम, नक्की ना?" मी म्हटलं, "माझ्या दादाचा शब्द आहे." परवा ती कॉलेजात आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग त्या कंपनीत आता नाय ना व्हनार?" मी नाही म्हणाले. ती माझ्या टेबलावरची पुस्तकं सरळ लावून निघून गेली. वर्षभर माझी पुस्तकं तीच लावते.

माझ्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. असं संपेल असं वाटलं नव्हतं. आता पत्र पाठवू नकोस. आलं तर मी फोडणार नाही.

आशालता

पुणे,
२१ एप्रिल २०२५

आशाआत्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू हे फोडशील अशी आशा आहे. बाबांना माहीत नाही मी लिहिते आहे.

बाबांना ऐकू येत नाही. थोडं कमी वगैरे नाही. गेल्या दिवाळीनंतर जवळजवळ काहीच नाही. म्हणून ते फोन घेत नाहीत. मी सांगून थकले, कानाचं मशीन आणलं, ते कपाटात ठेवलंय. म्हणतात, समितीत कळलं तर म्हातारा झाला म्हणून काढतील. मी ओरडून बोलते तर त्यांना वाटतं मी चिडते. खरंच चिडते ग, काय करू?

बैठकीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतात. मला खोलीत येऊ देत नाहीत. दाराच्या फटीतून पाहिलंय मी. लोक बोलतात, बाबा चेहरे बघतात. कुणी हसलं की हसतात, कुणी मान हलवली की हलवतात. त्यांची हजेरी कधी चुकली नाही. तुझं पत्रही त्यांनी असंच वाचून दाखवलं असणार, आणि मग सगळे जे बोलले त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नसणार.

ते खोटं बोलले नाहीत तुझ्याशी. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. हे काही मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. त्या मुलींचं जे झालं ते झालंच. पण तुझं पत्र आल्यापासून ते जेवायला बसतात आणि उठतात, मध्ये काही खात नाहीत. काल मला पाटीवर लिहून विचारलं, "प्राचार्या म्हणतात तसं झालं होतं का?" मी काय सांगणार?

तू त्यांना माफ कर असं म्हणत नाही. तुला माहीत असावं, एवढंच.

रेवा

पुणे,
११ मे २०२५

चि. आशा,

तू फोडणार नाहीस असं लिहिलं होतंस. तरी पाठवतो आहे. रेवाने तुला काय लिहिलं ते तिने मला नंतर दाखवलं. पोरीने बापाची झाकली मूठ उघडली. ते तिनं बरंच केलं.

परवा बैठक होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, पडद्यासमोर बसलो आणि सुरुवातीलाच बोललो. म्हटलं, "या समितीच्या एकाही बैठकीला मी गैरहजर नाही. तुमच्या नोंदीत माझी हजेरी पूर्ण आहे. गेल्या दिवाळीपासून मला तुमचा एक शब्दही ऐकू आलेला नाही. माझ्या हसण्याला तुम्ही होकार समजलात, तुमच्या हसण्याला मी. आपल्या पोर्टलने मला हजर धरलं आणि उरणच्या चार मुलींना गैरहजर. त्या एका जिन्यावर बसून सगळं ऐकत होत्या. मी या खुर्चीत काहीच ऐकत नव्हतो." मग सांगितलं, उत्तर द्यायचं असेल तर लिहून द्या.

मग पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं येऊ लागली. रेवा शेजारी होती, तिनेही वाचलं.

ठरलं ते असं. जिथे मुलं एका फोनवर एकत्र बसतात तिथे, शिक्षकाने खात्री केल्यावर, त्या एका लॉगिनवर सगळ्यांची हजेरी धरायची. पुढच्या सत्रापासून. यंदाच्या परीक्षा होऊन गेल्या, तिथे काही करता आलं नाही. मी खूप भांडलो, आशा. लिहून लिहून भांडलो. हिवाळ्यात होणाऱ्या परीक्षेला चौघींना बसू देणार आहेत, नव्याने फी न घेता. बंदराची भरती तोवर होऊन जाईल, हे मला कळतं.

राजीनामा दिला होता. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, मशीन लावून या. लावलं आहे. पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मी विसरलो होतो.

किशोरीला काही लिहावं असं फार वाटतं, पण काय लिहू? माफी मागायला काही लागत नाही, आणि तिचं जे गेलं ते माझ्या माफीने परत येणार नाही. तू सांगशील तसं करेन. काहीच नको म्हणालीस तर तेही करेन.

कमलाकर

पनवेल,
२८ जून २०२५

दादा,

फोडलं. रेवाचंही फोडलं, तुझंही. उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण राग जात नव्हता. अजून सगळा गेलेला नाही. तुला ऐकू येत नाही हे मला सांगायला काय झालं होतं रे? आपट्याला नदीत बुडता बुडता वाचलास तेव्हाही तू मामीला सांगितलंस, पोहत होतो. तीच खोड अजून आहे. मीही कमी नाही. तुझं फोन न घेणं मी तुझा ताठा समजले. एकदा पुण्याला येऊन तुझ्यासमोर बसले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. आणि त्या मुलींना "नक्की" म्हणाले ते मी. ते ओझं माझं, तुझ्या डोक्यावर सगळं टाकणार नाही.

बंदराची भरती झाली. किशोरीच्या गावचा हितेश लागला. चांगला मुलगा आहे, ऑनलाइन तास मात्र त्याने कधी ऐकला नाही. रेंज येते त्या उरणच्या नाक्यावर बसून स्वतःच्या फोनवरून रोज लॉगिन करून तो बाजूला ठेवून द्यायचा, हे त्यानेच मला हसत सांगितलं. मी हसू शकले नाही.

चौघींतल्या दोघींनी शिक्षण सोडलं. प्रांजलच्या घरच्यांनी तिला कामोठ्याला मावशीकडे पाठवलं, तिथे ती एका क्लासमध्ये लहान मुलांना शिकवते. हिवाळ्यात परीक्षेला येते म्हणाली आहे. किशोरी नक्की बसणार. तोवर आईबरोबर बाजारात मासळी विकते. मी परवा निवृत्त होते, पण तिला शिकवायला निवृत्ती लागत नाही. आता ती शनिवारी पनवेलला माझ्या घरी येते. समोर बसते. पुस्तक मी तिच्याकडे सरळ करून ठेवते, मला उलटं चालतं.

या शनिवारी मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, पंख्यापर्यंत. जाताना तिने पिशवीतून कागदात बांधलेला एक पुडा काढला आणि म्हणाली, "ह्यो सरांना धाडा." सुके बोंबील होते, मार्चमध्ये त्या चौघींनी वाळवलेले. पावसाळ्यासाठी घरोघरी वाटे पडले, त्यातला हा एक बाजूला काढला होता. मी म्हटलं, "अगं, त्यांचा कसला वाटा?"

"ते पन आमच्याच बोटीवर व्हते ना म्याडम. आजारी व्हते."

मी पुडा घेतला. शेवटी विचारलंच, "किशोरी, तुला त्यांचा राग नाही येत?"

ती चपला घालत होती. वर बघून म्हणाली, "राग हाय ना. लय हाय. पन रागाचा न वाट्याचा काय संबंध?"

पुडा पार्सलने पाठवते आहे. वास येईल, रेवाला सांग नाक मुरडू नकोस. आणि दादा, तिला पत्र लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

तुझी,
आशा